दुबई की अमेरिका? रील-व्हिडिओवर पोट असणाऱ्यांसाठी कामाचा व्हिसा: सल्ला हवा

खमंग_फोडणी
नमस्कार मंडळी. मराठी खाद्यपदार्थांचं यूट्यूब चॅनेल आणि इन्स्टा, सबस्क्रायबर साडेतीन लाख. कॅमेऱ्यासमोर मी, कॅमेऱ्यामागे नवरा. पैसे तीन वाटांनी येतात: यूट्यूबच्या जाहिराती, दोन मसाला ब्रँडचे वर्षाचे करार आणि हॉटेलांचे पेड रील. डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, दोन वर्षं दुबईत राहून तिथल्या हॉटेलांची कामं. दोन, सहा महिने अमेरिका, म्हणजे महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम अधिक चित्रीकरण. एजंटचं म्हणणं, "टुरिस्टवर जा, कोण विचारतंय!" कुठला व्हिसा, कागद काय, खर्च किती, अडतं कुठे? जाणकारांनी सांगावं.

कागदी_घोडा
आधी एजंट बदला.

सबस्क्रायबरचा आकडा व्हिसाच्या फॉर्मात कुठेच विचारत नाहीत. बघतात ते दोनच गोष्टी: पैसे कोण देतंय, आणि काम करताना तुम्ही कुठल्या देशात उभे आहात. सांगलीचा मसालेवाला पैसे देतोय आणि तुम्ही बँकॉकमध्ये बसून एडिट करताय, तर ते रिमोट काम. बँकॉकचंच हॉटेल पैसे देतंय, तर ते तिथलं काम, आणि त्याला तिथला परवाना लागतो. दोन्हींचे व्हिसे वेगळे.

"पैसे कुठे घेतले, खोली फुकट होती फक्त" हा बचाव टिकत नाही. तीन रीलच्या बदल्यात दोन रात्री, असा ईमेल फोनमध्ये असेल तर तो मोबदलाच. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्मात मागच्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडिया खाती द्यावी लागतात. म्हणजे फॉर्मवर "पर्यटन" आणि स्टोरीत "यूएसए कोलॅबसाठी डीएम करा" हे एकाच टेबलावर उघडं पडतं. खोटं सांगितल्याचा शेरा लागला तर तो नुसत्या नकारापेक्षा कितीतरी जड जातो.

उंटावरचा_शहाणा
दुबईचं मी सांगतो. घोळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे: राहण्याचा व्हिसा, व्यवसायाचा परवाना आणि जाहिरात करण्याचा परवाना.

व्हिसा आणि व्यवसाय परवाना फ्री झोनमधून (परदेशी व्यवसायांसाठीचे खास विभाग) एकत्र निघतो. माध्यम क्षेत्रातल्यांचा नेहमीचा रस्ता म्हणजे दुबई मीडिया सिटीकडचं गो-फ्रीलान्स, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्यांचा परवाना. परवाना वर्षाला ७,५०० दिरहम. त्यावर एस्टॅब्लिशमेंट कार्ड (व्हिसा काढण्याआधी लागणारं नोंदणी कार्ड), व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी आणि आरोग्य विमा हे सगळं वेगळं. जाहिरातीत फक्त ७,५०० दाखवतात, म्हणून पहिल्या वर्षाचं बजेट त्याच्या दुप्पट धरूनच चला. अर्जाला पासपोर्ट, बायोडेटा, केलेल्या कामाचे नमुने आणि पदवी किंवा अनुभवाचा पुरावा. परवान्यावर कुठला व्यवसाय लिहिलाय ते नीट वाचा. "फोटोग्राफर" असं लिहून घेऊन हॉटेलची जाहिरात करणं चालत नाही.

तिसरी गोष्ट नवी आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नाही. यूएई मीडिया कौन्सिलने जाहिरातदार परवाना आणलाय. स्वतःच्या खात्यावर दुसऱ्याच्या वस्तूची जाहिरात टाकणाऱ्याला, मोबदला असो वा नसो, तो लागतो. वय १८ पूर्ण हवं. रहिवाशांना पहिली तीन वर्षं फी नाही. परवाना क्रमांक प्रोफाइलवर दिसला पाहिजे. स्वतःच्याच धंद्याची जाहिरात केली तर सूट. पाहुण्यांसाठीही तीन महिन्यांचा वेगळा परवाना आहे, पण तो तिथल्या मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच मिळतो. तेव्हा एजंटचं "टुरिस्टवर जा" हे दुबईपुरतं अर्धं खरं आहे, हा परवाना काढला तर.

चित्रीकरणाबद्दल: रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे परवानगीशिवाय टिपून टाकणं हा तिथे सायबर कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्याकडे वडापावच्या गाडीपुढची रांग शूट करून टाकतो, तसं देरातल्या शावरमावाल्यापुढे करू नका. रांगेकडे पाठ करून काउंटरच्या बाजूने फ्रेम लावा, हात आणि तवा दिसू द्या. ड्रोन तर परवानगीशिवाय बॅगेतसुद्धा नको.

खमंग_फोडणी
आणि गोल्डन व्हिसा? एजंट म्हणाला २३ लाखांत आयुष्यभराचा होतो.

उंटावरचा_शहाणा
ती बातमी जुलै २०२५ मध्ये फिरली होती आणि यूएईच्या सरकारी प्राधिकरणाने तेव्हाच ती खोटी असल्याचं जाहीर केलं. गोल्डन व्हिसा असतो दहा वर्षांचा. कलावंत-क्रिएटर गटात तो शिफारशीवर मिळतो, दुबईत त्यासाठी कला-संस्कृती प्राधिकरण आहे. एमिरेट्स टॉवर्समध्ये जानेवारी २०२५ ला क्रिएटर्स एचक्यू हे क्रिएटर्ससाठीचं केंद्र सुरू झालं, तेही सदस्यांना या अर्जात मदत करतं. पैसे भरून शिफारस "काढून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.

गोल्डनचा खरा फायदा म्हणजे कितीही काळ बाहेर राहिलात तरी तो जात नाही. साधा रहिवासी व्हिसा सलग १८० दिवस देशाबाहेर राहिलात की बाद होतो. गणपती, दिवाळी, मग लग्नसराई करत गावी रमणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

नवऱ्याबद्दल: तुमच्यावर अवलंबित म्हणून तो येऊ शकतो. पण त्याच व्हिसावर पगारी किंवा बिलावर कॅमेरा चालवायचा तर त्याचा स्वतःचा परवाना हवा.

सातासमुद्रापार
अमेरिकेची बाजू लिहितो. लांब होईल, पण इथे अर्धवट माहितीवर वकिलाला पैसे देणारे फार.

आधी जे व्हिसे चालणार नाहीत ते. बी-१/बी-२ वर बैठक, परिषद, फिरणं चालतं. मंडळाकडून मानधन घेऊन कार्यक्रम किंवा तिथल्या रेस्टॉरंटचं पेड रील चालत नाही. 'आय' व्हिसा पत्रकार-माध्यमांसाठी आहे, बातमी आणि माहितीपर कामाला. मनोरंजन आणि जाहिरात त्यात बसत नाही, "पण मी व्हिडिओ बनवते" म्हणून तिकडे जाऊ नका. पी-३ हा एखाद्या संस्कृतीची खास कला सादर करणाऱ्यांचा. कीर्तन किंवा लावणीचा संच असेल तर विचार करा, थालीपिठाच्या व्हिडिओला तो ताणू नका.

उरतो ओ-१बी, कलाक्षेत्रात ठळक कामगिरी असणाऱ्यांचा व्हिसा. यात दोन उपगट आहेत: कला, आणि चित्रपट-दूरचित्रवाणी. स्वतः बनवलेले व्हिडिओ ब्लॉग आणि सोशल मीडियावरचा मजकूर साधारणपणे चित्रपट-दूरचित्रवाणीत मोडत नाही, असं यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं नागरिकत्व-स्थलांतर खातं) धोरण पुस्तिकेतच आहे. म्हणून अर्ज "कला" गटात. हे तुमच्या फायद्याचं आहे. एक तर निकष तुलनेने सौम्य. दुसरं, ठरलेल्या प्रकारात न बसणारा पण त्याच तोडीचा पुरावा या गटात देता येतो. चित्रपट गटात ती सोय नाही.

सहा निकष आहेत, किमान तीन पूर्ण हवेत: नामांकित कार्यक्रमात प्रमुख भूमिका, मोठ्या वृत्तपत्र-नियतकालिकांतून तुमच्याबद्दल छापून आलेलं, नामांकित संस्थेसाठी कळीची भूमिका, व्यावसायिक यश, तज्ज्ञ किंवा संस्थांची दाद, आणि क्षेत्रातल्या इतरांपेक्षा ठळकपणे जास्त मिळकत.

आता "छापून आलेलं" हेच जवळून बघा, कारण मराठी क्रिएटरची फाइल इथेच कच्ची असते. लोकसत्ता, सकाळ, महाराष्ट्र टाइम्समध्ये तुमच्यावर लेख आलाय. कात्रण जपलंय, पण फोटो तुमच्या चेहऱ्यापुरता कापलेला: वर तारीख नाही, आवृत्ती नाही, लेखकाचं नाव घडीत गेलं. असं कात्रण निरुपयोगी. पूर्ण पान स्कॅन करा, वृत्तपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं. सोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर, सारांश नव्हे. त्याखाली भाषांतरकाराचं सहीचं निवेदन: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मी दोन्ही भाषा जाणतो. शिवाय त्या वृत्तपत्राच्या खपाचा पुरावा, कारण तिकडच्या अधिकाऱ्याला सकाळ म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नाही. कोपऱ्यात बारीक "प्रायोजित" छापलेली पुरवणी मात्र फाइलला लावूच नका. एक विकतचा लेख सापडला की बाकीच्या नऊ खऱ्यांकडेही संशयाने बघतात.

व्ह्यूजचे स्क्रीनशॉट ढीगभर लावण्यात अर्थ नाही. वर्षवार अ‍ॅनालिटिक्स, ब्रँडचा करार, त्याचं बिल आणि बँकेत जमा झालेली रक्कम असा चौकोन जुळला पाहिजे. करार तीन लाखांचा, जमा दीड लाख, बाकी "बार्टर" (पैशांऐवजी वस्तू) असं निघालं तर मिळकतीचा निकष तिथेच ढासळतो.

अर्ज म्हणजे फॉर्म आय-१२९, आणि तो तुम्ही स्वतः भरू शकत नाही. अमेरिकेतला मालक किंवा एजंट भरतो. या अर्जातला एजंट म्हणजे तिकीट काढून देणारा नव्हे, तर तुमची कामं ठरवणारा, कायद्याने जबाबदार माणूस किंवा संस्था. चार-पाच मंडळं आणि दोन ब्रँड असतील तर एजंटमार्फत एकच अर्ज, सोबत तारखांसह कार्यक्रमपत्रिका, प्रत्येक आयोजकाचं नाव-पत्ता आणि करार. "अमेरिकाभर फिरून व्हिडिओ करणार" ही कार्यक्रमपत्रिका होत नाही. सर्वाधिक पुरवणी विचारणा, म्हणजे आणखी पुरावा मागणारी पत्रं, इथेच येतात. मंडळाचं नुसतं प्रेमळ निमंत्रणपत्र पुरत नाही, त्यात तारीख, ठिकाण, काम आणि मानधन हवं.

याशिवाय क्षेत्रातल्या समव्यावसायिक संघटनेचं मतपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, आधी मागवा.

फी: आय-१२९ ला ओ गटासाठी १,०५५ डॉलर, लहान संस्था किंवा ना-नफा असेल तर ५३०. त्यावर निर्वासितांच्या आश्रय कार्यक्रमासाठी अर्जदाराकडून घेतली जाणारी फी ६००, लहान मालकाला ३००, ना-नफाला शून्य. म्हणजे ना-नफा नोंदणी असलेलं मंडळ अर्जदार असेल तर खर्च बराच उतरतो. निर्णय १५ कामकाजी दिवसांत हवा असेल तर प्रीमियम (जलद सेवेची जादा फी), जवळपास तीन हजार डॉलर. मंजुरीनंतर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत, व्हिसा फी २०५ डॉलर. वकिलाची फी या सगळ्याच्या वर, आणि तीच सर्वांत मोठी. पहिली मुदत तीन वर्षांपर्यंत, पण कार्यक्रमपत्रिका सहा महिन्यांची असेल तर तेवढीच मिळेल.

नवऱ्याचं: ओ-३ (कुटुंबीयांचा व्हिसा) वर आला तर काम बंद. ओ-२ (कलाकाराच्या सहाय्यकांचा व्हिसा) वर यायचं तर तुमच्या कामाला त्याचं कौशल्य अनिवार्य आहे आणि ते तिथल्या कुणाही कॅमेरामनला चटकन जमणार नाही, हे दाखवावं लागतं. "नवरा आहे" हे कारण नाही. गेल्या दोन-तीन वर्षांच्या व्हिडिओंत श्रेयनामावलीत त्याचं नाव नसेल तर आजपासून टाकायला लागा.

करपात्र
व्हिसावाले जे सांगत नाहीत ते मी सांगतो.

यूट्यूबच्या अमेरिकी प्रेक्षकांकडून येणाऱ्या कमाईवर अमेरिकेत कर कापला जातो. भारतात राहता तोवर भारत-अमेरिका कर कराराप्रमाणे १५ टक्के. यूएईचा अमेरिकेशी असा करार नाही, म्हणून दुबईचे रहिवासी झालात की त्याच कमाईवर ३० टक्के. परदेशस्थ मराठी प्रेक्षक जास्त असतील तर "दुबईत टॅक्स नाही" हे वाक्य आकडे मांडून तपासा. अ‍ॅडसेन्स खात्याचा (यूट्यूबची कमाई ज्यातून मिळते ते गुगलचं खातं) देश बदलता येत नाही, नवं खातं काढून चॅनेल त्याला जोडावं लागतं. जुन्यातली शिल्लक निघेपर्यंत जुनं बंद करू नका.

भारतात अनिवासी ठरायचं तर आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी मुक्काम हवा, म्हणजे कामासाठी कायमचं निघताना सप्टेंबरच्या २८ तारखेच्या आत विमानात. ऑक्टोबरात दिवाळी करून निघालात तर ते वर्ष निवासी म्हणूनच गेलं. आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असून दुसरीकडे कुठेच कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला कायदा निवासी मानू शकतो. मसाल्याचे करार भारतातले आहेत ना, मग हे सीएला आधी विचारा. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्या. यूएईत व्यक्तीची वार्षिक उलाढाल दहा लाख दिरहमच्या वर गेली तर कॉर्पोरेट कराची नोंदणीही आहे.

मुसाफिर_मी
फक्त भारतीय ब्रँडचंच काम करत बाहेर राहायचं असेल तर थायलंडचा डीटीव्ही हा रिमोट काम करणाऱ्यांचा व्हिसा बघा. पाच वर्षं, एका वेळी १८० दिवस, खात्यात पाच लाख बाट दाखवायचे, वय २० पूर्ण. तिथल्या हॉटेलचे पैसे घ्यायचे नाहीत. जपानच्या तशाच डिजिटल नोमॅड व्हिसाची रील बघून हुरळू नका, भारतीय पासपोर्ट त्या यादीत नाही.

खमंग_फोडणी
सगळ्यांचे आभार, दुबईचं नक्की करतोय. एक शंका: पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि ब्रँडच्या करारांवर चॅनेलचं नाव. चालेल?

कागदी_घोडा
नाही, आणि हे आत्ताच निस्तरा. पदवीवर "आडनाव, नाव, वडिलांचं नाव" आणि पासपोर्टवर "नाव, पतीचं नाव, आडनाव" असा क्रम असतो, तिथेच साक्षांकन अडतं. विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत लावा. यूएई अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारं एका शिक्क्याचं साक्षांकन) मानत नाही, म्हणून पदवीची साखळी अशी: राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात, मग तिकडे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. एक पायरी चुकली तर पुढची खिडकी कागद घेत नाही. नवे करार "पासपोर्टवरचं नाव, चॅनेल अमुक" असे करा, जुन्यांसाठी ब्रँडकडून एका ओळीचं पत्र घ्या. नवऱ्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना तेही बघा. एकाच नावाच्या पासपोर्टला यूएई नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसा देत नाही.

उंटावरचा_शहाणा
अवांतर: कॅमेरा, लेन्स, गिंबल भारतातून नेताय तर विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी कस्टमच्या काउंटरवर वस्तू दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. सीरियल नंबर लेन्सच्या कडेला बारीक कोरलेला असतो, घरीच भिंग लावून यादी टाइप करा. रात्री दोनला रांगेत उभं राहून तो वाचता येत नाही, आणि कागद नसेल तर परत येताना तीच लेन्स "दुबईहून आणली" म्हणून ड्युटीसाठी बाजूला काढतात.