मुलीच्या एअर रायफलला कुठला छर्रा मानवतो ते कसं शोधायचं?

घोडबंदरचा_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी १५ वर्षांची, १० मीटर एअर रायफल मारते. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हापासून डोक्यात खूळ शिरलंय. गेले चार महिने ६० शॉटला ६१२ च्या आसपास अडकलीये, वर सरकतच नाही. मी स्वतः कधी रायफल धरलेली नाही पण रात्री यूट्यूब बघत बसतो, त्यात परदेशातले लोक घरी स्वतःची काडतुसं भरतात, दारू (बंदुकीची हो!) तोलून तोलून घालतात आणि सगळे शॉट एकाच भोकात. तसं काही आपल्याला करता येईल का? निदान छर्रे तोलून वेगळे करू का, सोनाराचा काटा घेऊ का? दुकानदाराने ४.५० चा डबा दिला तोच आम्ही वर्षभर वापरतोय. कोच म्हणतात आधी पोझिशन.

नेरूळचा_नेम
काका, ते घरी भरणं सेंटरफायर रायफलचं (पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी), ३०० मीटरवाल्यांचं. आपल्याकडे काडतूस बनवायलाच १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली लायसन्स लागतं, त्यामुळे तो विषय सोडा. आणि ५० मीटरवाली पॉइंट टू टू (.२२ ची काडतुसं) तर कोणीच घरी भरत नाही, कारण तिचा पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेच्या आत असतो, पिन कडेवर आपटली की कड चेपली, संपलं. म्हणून ते लोक भरत नाहीत, लॉट (कारखान्यात एका खेपेला बनलेला माल) निवडतात. काडतुसं बनवणाऱ्या एली कंपनीचं इंग्लंडात बर्मिंगहॅमला आणि लापुआ कंपनीचं जर्मनीत श्योनेबेकला टेस्ट सेंटर आहे, तिथे रायफल घेऊन जातात आणि वेगवेगळे लॉट मारून आपल्या बॅरलला चालणारा उचलतात.

छर्र्याचं पण तेच. डब्यावर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं ना, ते छर्र्याच्या डोक्याचं मिमीतलं माप. एकाच कंपनीच्या दोन बॅरलना पण वेगवेगळं माप आवडू शकतं. दुकानदाराने दिलं म्हणून वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने चप्पल घेणं. काट्याचे पैसे वाचवा, चांगला मॅच छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, डब्यातल्या डब्यात फरक इतका बारीक की सोनाराच्या साध्या काट्याला तो नीट दिसणार पण नाही. त्यापेक्षा खालची कड चेपलेले छर्रे डोळ्याने बघून बाजूला काढा.

३-४ मापांचे डबे आणा, आरडब्ल्यूएसचा आर १० आणि एच अँड एनचा फिनाले मॅच, दोन्ही छर्रे ट्राय करा. छर्रा बदलला की पहिले ५-७ शॉट मोजू नका, बॅरलला नवीन शिसं बसायला वेळ लागतो. मग १० शॉटचा ग्रुप (एकाच कार्डावर मारलेल्या भोकांचा पुंजका, जितका लहान तितका चांगला), प्रत्येकाचे किमान तीन, आणि आलटून पालटून, एकाच प्रकारचे सलग नको. ५ शॉटच्या एका सुंदर ग्रुपवर भाळून मी एकदा सहा डबे घेतलेत, अजून घरी पडलेत.

रबाळे_टूलरूम
मुलीच्या हातून टेस्ट करू नका, तिचं चुकणं आणि छर्र्याचं चुकणं एकत्र होईल. रायफल शिकंज्यात धरा. पण बॅरल पकडायचं नाही, खालच्या रेलला पकडायचं, आणि प्रत्येक शॉटनंतर काही हललं नाही ना बघायचं. आमच्याकडे एमआयडीसीत एकाने जाड प्लेटवर बनवून दिला होता, टेबल हलत होतं म्हणून आधी ग्रुप वाईट आले, टेबलावर दोन लोखंडी ब्लॉक ठेवले तेव्हा ठीक झालं 😄

मोजायचं असं, व्हर्नियरने भोकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत सगळ्यात लांब अंतर घ्या आणि ४.५ वजा करा. तेवढे मिमी म्हणजे खरा ग्रुप. साध्या कागदावर भोक फाटतं, जाड टार्गेट कार्डच लावा.

जुनी_प्रोनवाली
सगळे टेस्टच्या मागे लागलात, जरा हिशोब पण करा. केंद्रापासून २.५ मिमीवर १०.० मिळतात आणि तिथून आत प्रत्येक पाव मिमीला ०.१ वाढतो. ६१२ म्हणजे सरासरी १०.२, म्हणजे शॉट सरासरी २ मिमी बाहेर. त्यातला छर्र्याचा वाटा ०.६ धरला तरी तो सरळ वजा होत नाही, वर्गाने वजा होतो (२ चा वर्ग ४, त्यातून ०.६ चा वर्ग ०.३६ काढा, उरलेल्याचं वर्गमूळ), म्हणजे छर्रा अगदी परफेक्ट मिळाला तरी पोरगी २ वरून १.९ वर येणार. सगळ्या मॅचमध्ये साधारण दोन-सव्वादोन पॉइंट. बाकीचं तिच्या श्वासात आणि ट्रिगरवर आहे, कोच बरोबर बोलतात. तरी टेस्ट करा, दोन पॉइंट म्हणजे फायनल आत की बाहेर. फक्त तिच्यासमोर करू नका, नाहीतर वाईट शॉट गेला की ती डब्याकडे बघायला लागेल. माझ्या भाचीचं तेच झालं होतं.

आणि पावसाळ्यात डबे उघडे ठेवू नका. खाडीची हवा, शिसं पांढरं पडतं. झाकण घट्ट लावा, सिलिका जेलची पुडी टाका. हात साबणाने धुऊनच वडापावला हात लावायचा, शिसं आहे ते.

घोडबंदरचा_बाबा
बापरे, वर्गाने वजा होतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं 🙏 काल रबाळेवाल्या दादांच्या सल्ल्याने शिकंजा लावला, ट्रॅफिकमुळे रेंजवर पोचायलाच दीड तास. मुलीला क्लासला पाठवून मी आणि कोच दोघांनी केलं. १० शॉटचे तीन तीन ग्रुप, सरासरी सांगतो. जुना ४.५० चा २.७ मिमी, दुसऱ्या कंपनीचा ४.५० चा २.२, आणि त्याच दुसऱ्या कंपनीचा ४.४९ चा १.४! कोच पण गप्प झाले. आता दुकानदार म्हणतो ४.४९ चे तीनच डबे आहेत, पुढचा माल कधी येईल माहीत नाही.

नेरूळचा_नेम
डब्याच्या मागे लॉट नंबरचं स्टिकर असतं, टेस्ट केलेल्या डब्याचाच नंबर त्या तिन्हीवर आहे का ते आधी बघा. असेल तर आजच तिन्ही उचला, १५०० छर्रे होतील, मॅचसाठी राखून ठेवा. प्रॅक्टिसला जुनेच चालवा. लॉट वेगळा असेल तर माप तेच असलं तरी परत शिकंजा लावा.

घोडबंदरचा_बाबा
दोनवर तोच नंबर आहे, तिसरा वेगळा. निघालो.