सणाच्या जेवणाला बीफ रोस्ट: किलोमागे किती मिनिटं?

ओव्हनवाली
सणाला आठ माणसं जेवायला आहेत आणि यंदा बीफ रोस्ट मी करते असं सगळ्यांना सांगून झालंय. अडीच किलोचा बिनहाडाचा तुकडा आहे. नेटवर कुणी किलोमागे 40 मिनिटं म्हणतं, कुणी तासभर, कुणी म्हणतं आधी कडकडीत तव्यावर सगळीकडून लाल करून घ्या म्हणजे रस आत कोंडला जातो. दोघांना आतून गुलाबी आवडतं, बाकीच्यांना अजिबात नाही. दुपारी एकला वाढायचंय. नेमकं किती वेळ ठेवू? चिवट व्हायला नको एवढंच बघा, बाकी काही कमीजास्त झालं तरी चालेल.

बल्लव_रविवारचा
मिनिटांचा हिशोब सोडाच. त्याच वजनाचा लांबट तुकडा लवकर होतो आणि गोल जाडजूड गोळा उशिरा, त्यात प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी. टोचायचा थर्मामीटर घ्या आणि सगळ्यात जाड जागी अगदी मधोमध टोचून बघा. गुलाबी हवं तर 55 अंशांच्या आसपास, पूर्ण शिजलेलं हवं तर 70. बाहेर काढल्यावरही आतलं तापमान थोडं चढतच राहतं, म्हणून चार-पाच अंश आधीच काढायचं. आणि लाल केल्याने रस कोंडला वगैरे जात नाही हो, चव आणि रंग मात्र त्यानेच येतो, म्हणून ते करायचंच.
पण आधी सांगा, तुकडा बरगडीजवळचा आहे की खांद्याचा? सगळं त्यावर आहे.

ओव्हनवाली
खांद्याचा म्हणाला दुकानदार. मधून मधून पांढऱ्या जाड शिरा दिसतायत.

मंद_आच
मग ताई, 55 आणि 70 दोन्ही विसरा. खांदा म्हणजे जनावराचा सतत कामात असलेला भाग, तो 55 ला काढलात तर चावता येणार नाही आणि 70 ला काढलात तर चिवट आणि वर कोरडाही. त्या पांढऱ्या शिरांमधलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रथिन, नीट विरघळायला आतलं तापमान 90 च्या आसपास जावं लागतं आणि तिथे बराच वेळ राहावंही लागतं. म्हणजे गुलाबीचा प्रश्नच मिटला, सगळ्यांना एकच.
किलोला 10 ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये उघडाच ठेवा. धुवू नका, कागदाने टिपून कोरडा करा, ओला असेल तर लाल होत नाही नुसता उकडतो. जाड बुडाच्या भांड्यात सगळीकडून लाल करा, त्याच भांड्यात कांदा, गाजर, लसूण, मिरी परता, तुकडा निम्मा बुडेल इतका स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घाला आणि घट्ट झाकण लावून 150 अंशांवर ओव्हनमध्ये. साडेतीन-चार तास धरा. अडीच तासांनी काटा टोचलात तर दगडासारखा लागेल आणि वाटेल की जास्त शिजून कडक झाला, तसं नसतं, अजून वेळ द्यायचा. काटा आत घालून फिरवल्यावर मांस सहज सुटलं की झालं.

बल्लव_रविवारचा
+1, आणि हे आदल्या दिवशीच करून टाका. रसातच गार होऊ द्या, पण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. सकाळी वर चरबी गोठलेली असते ती अख्खी उचलून काढता येते, आणि गार मांसाचे काप सुरेख पडतात, गरम कापलं तर भुगा होतो. धागे कुठल्या दिशेला जातायत ते बघून त्यांना आडवं कापा. रस आटवून ग्रेव्ही करा, काप त्यात मांडून झाकून 150 वर अर्धा-पाऊण तास. एकला वाढायची काळजीच नको, पाहुणे उशिरा आले तरी बिघडत नाही.

काळजीवाहू
पुढे कुणी गुलाबी करायला घेतलं तर एक लक्षात ठेवा. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूलाच असतात, ते भाजताना मरतात. पण मांस सुया टोचून मऊ केलेलं असेल किंवा गुंडाळी करून बांधलेलं असेल तर वरची बाजू आत गेलेली असते, ते गुलाबी ठेवू नका. गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं पंगतीला असतील तरी पूर्णच शिजवा.

ओव्हनवाली
खूप आभार सगळ्यांचे, आदल्या दिवशीच करते. माझ्या भांड्याचं झाकण सैल बसतं, चालेल?

मंद_आच
वाफ गेली तर रस आटेल. आधी भांड्यावर फॉइलचे दोन थर कडेने दाबून लावा आणि वर झाकण ठेवा. दोन तासांनी एकदा उघडून बघा, रस कमी वाटला तर गरम स्टॉकच घाला, गार नको.