व्हॉलीबॉलसाठी जंप वाढवायचीय, पायाचं वर्कआउट कसं करू? गुडघा पण दुखायलाय

नमस्कार मंडळी, मी परभणीकडचा, वय २०, उंची ५ फूट ८ इंच, वजन ६६ किलो, कॉलेजच्या टीममध्ये स्मॅशर. नेट २.४३ मीटर. उभ्या उभ्या हात २.२४ पर्यंत पोचतो, पळत येऊन उडी मारली की भिंतीवर खडूची खूण २.८२ ला. लिफ्टरनं (बॉल उचलून देणाऱ्यानं) चांगला बॉल दिला तर मारतो, पण समोर दोन उंच पोरं ब्लॉकला आली की बॉल माझ्याच छातीवर येऊन पडतो.

दिवाळीपासून रोज १०० बेडूकउड्या अन् ५०० दोरीच्या करायलो, आमच्याकडं सगळे सीनियर हेच सांगतात. ग्राउंड मुरमाचं, एकदम टणक. सुरुवातीला दोन बोटं फरक पडला मग तिथंच अडकलं (मधी त्या भिंतीला कुणी तरी चुना मारला अन् माझी खूणच गेली, परत मोजावं लागलं). आता महिना झाला, उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबलं की कळ येते, जिना उतरताना लई जाणवतं. जिमला जातो पण तिथं सगळे छाती अन् दंडच मारतात, स्क्वॉट ५० किलोच्या वर कधी नेला नाही. तर स्क्वॉट वाढवू का, डेडलिफ्ट करू का, अन् संध्याकाळी रोज खेळ असतो तर आठवड्यात किती दिवस? कुणाला अनुभव असंल तर सांगा राव.

उत्तर: भाऊ, पहिलं काम म्हणजे बेडूकउड्या बंद. टणक जमिनीवर रोज १०० अन् वरून संध्याकाळचा खेळ, वाटीखालची शीर (टेंडन, वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी दोरी) दुखणारच, याला जंपर्स नी म्हणतात. आधी फिजिओला दाखव. तोवर भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचं, ४५ सेकंद, पाच वेळा, सहन होईल इतपतच दुखू दे.

ताकद आठवड्यात दोनच दिवस, मधी ४८ तास गॅप. स्क्वॉट ५-५ चे चार सेट, दोन सेटच्या मधी दोन-तीन मिनिटं दम घे, फॉर्म नीट असला तरच अडीच किलो वाढव. रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जरासे वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढं वाकत बार खाली-वर न्यायचा) नक्की कर, उडीचा जोर कुल्ल्यातून अन् मांडीच्या मागून पण येतो, तिकडं कुणी बघतच नाही. एका पायावरचा स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढं, एक मागं ठेवून बैठक), अन् पायरीच्या काठावर उभं राहून टाचा वर-खाली करत पोटऱ्या. बॉक्स जंप (खोक्यावर उडी) गुडघा शांत झाल्यावर, तेही वजनं उचलायच्या आधी, ताज्या पायांनी, मोजक्या. अन् उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतर. तू एका पायावर आपटत असशील, पैज लाव.

धागाकर्ता: डाव्या पायावर उतरतो वाटायचं, मित्राला व्हिडिओ काढायला लावला तर उजव्यावरच आपटायलो. भिंतीला टेकून बसून बघितलं आत्ता, ३५ सेकंदात मांड्या लटलटायल्या. स्क्वॉटमध्ये किती खाली जाऊ, मांडी आडवी होईपर्यंत का त्याच्या वरच थांबू?