निरगुडीच्या शेकलेल्या पाल्याची सुजेवरील चाचणी कशी बेतावी?

प्रश्न : औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, आर्वी तालुका

कापूस वेचणीच्या दिवसांत गुडघे धरले की माझी आजी नाल्याकाठची निरगुडी खुडून आणते, पाल्याला तेलाचा हात लावून तो तव्यावर मऊ पडेपर्यंत शेकते आणि जुन्या धोतराच्या पट्टीने गुडघ्यावर बांधते. पदव्युत्तर प्रबंधासाठी मला हा उपाय तपासायचा आहे. पाल्याचा इथेनॉलमधील अर्क रॅटना तोंडावाटे देऊन, कॅरॅजिनन (समुद्री शेवाळापासून मिळणारे, सूज आणणारे द्रव्य) टोचून आणलेली पंजाची सूज मोजावी, असा बेत आहे. तेवढे पुरेसे होईल का?

उत्तर 1 : औषधशास्त्राचे अध्यापक, नागपूर

पद्धत प्रस्थापित आहे. परंतु आपल्या आजी पाला पोटात देत नाहीत, त्यामुळे तोंडावाटे दिलेल्या अर्काचा निष्कर्ष लेपाला लागू होणार नाही. अर्क मलमात घालून पंजावर लावावा आणि तुलनेसाठी एका गटाला डायक्लोफेनॅकचे जेल, तर दुसऱ्याला नुसते मलम लावावे. कॅरॅजिननच्या सुजेत पहिल्या तास-दोन तासांत हिस्टामीन व सेरोटोनिन, तर साधारण तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातलीच दाह घडवणारी द्रव्ये प्रबळ असतात. म्हणून प्लेथिस्मोमीटरवर (पंजाचे आकारमान मोजणाऱ्या उपकरणावर) दर तासाला नोंद घेतली, तर अर्क कोणत्या टप्प्यावर काम करतो याचा अंदाज येतो. मात्र ही तात्पुरती सूज आहे. वर्षानुवर्षे दुखणाऱ्या गुडघ्याशी तिची तुलना ताणू नये. त्यासाठी फ्रॉइंडच्या अ‍ॅडज्युव्हंटने (मृत जंतू असलेल्या तेलकट मिश्रणाने) आणलेला, काही आठवडे टिकणारा संधिदाह अधिक जवळचा आहे.

वेदनेसाठी माऊसना अ‍ॅसेटिक आम्ल पोटात टोचून, वेदनेने त्यांच्या अंगाला पडणारे पीळ मोजतात. गुंगी आणणारे द्रव्यही ते पीळ कमी करते, म्हणून रोटारॉडची (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची) चाचणी जोडल्याशिवाय त्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी अर्थातच आधी घ्यावी.

उत्तर 2 : वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक, अमरावती

फुलोऱ्यासह फांदी दाबून वाळवा, तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्या आणि नमुना वनस्पतिसंग्रहालयात जमा करून क्रमांक मिळवा. पाल्याच्या उग्र वासामागे उडून जाणारे तेल असते, म्हणून तो सावलीत वाळवावा. अर्थात, आजी ताजा पाला वापरतात, हेही ध्यानात असू द्यावे.

उत्तर 3 : शेतकरी, यवतमाळ जिल्हा

आमच्याकडे रुईचे पान असेच शेकून बांधतात आणि आरामही पडतो. मग गुण पानाचा की शेकाचा?

प्रश्नकर्ती

या प्रश्नाने माझा बेतच बदलला. आता मलमाच्या गटांसोबत शेकलेला ताजा पाला बांधलेला एक आणि तेवढ्याच तापमानाचे, तेल लावलेले नुसते फडके बांधलेला एक, असे आणखी दोन गट मार्गदर्शकांपुढे मांडणार आहे. पट्टी किती वेळ ठेवतेस, असे आजीला विचारले, तर ती म्हणाली, “रातभर, सकाळीच सोडाची.” त्यामुळे पाचव्या तासाला थांबण्याऐवजी 24 तासांनंतरचीही नोंद घेईन.