पंचमेश, गुरुबळ आणि वाया गेलेले 18 महिने

कृष्णाकाठ:
‘मूल होत नसेल आणि पंचमेश, म्हणजे पत्रिकेतल्या संततीच्या पाचव्या घराचा स्वामी ग्रह, निर्बल असेल तर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून काही होत नाही, गुरुबळ, म्हणजे गुरू ग्रहाची अनुकूलता, येईपर्यंत थांबावे,’ असा सल्ला काल या मंचावर एकाने दिला आणि त्याखाली नमस्कारांची रांग लागली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. आम्ही नेमके तसेच थांबलो होतो. मी तेव्हा 36 वर्षांची होते. माझ्या पंचमात राहू, म्हणजे सर्पशाप, असे निघाले आणि सासूबाईंच्या शब्दाखातर आम्ही त्र्यंबकेश्वरी तीन दिवस राहून तो शाप घालवण्याचा नारायण नागबळी विधी केला. पिठाच्या पुतळ्याला अग्नी देताना नवऱ्याचे हात कापत होते. वडिलांना अग्नी दिल्यानंतर तसा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला होता. पुढे गुरुपालटाची, म्हणजे गुरू रास बदलण्याची, वाट पाहण्यात वर्ष गेले. 18 महिन्यांनी त्याची वीर्यतपासणी झाली, तेव्हा कळले की वृषणाच्या शिरा फुगल्या आहेत आणि शुक्राणू फारच कमी आहेत. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर दोघांचीही तपासणी करावी, हे आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते. पत्रिका मात्र सगळ्यांनी माझीच मागितली.

गुरुपुष्य:
आपल्या दुःखाविषयी आदर राखून सांगतो की दोष शास्त्राचा नाही. पुरुषासाठी रवी, शुक्र आणि गुरू यांवरून बीजस्फुट, तर स्त्रीसाठी चंद्र, मंगळ आणि गुरू यांवरून क्षेत्रस्फुट, म्हणजे त्या-त्या व्यक्तीची संततिक्षमता दाखवणारा बिंदू, काढण्याची पद्धत ग्रंथांतच आहे; म्हणजे पुरुषालाही तपासावे, हे ज्योतिषाला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होते. केवळ बायकोची पत्रिका पाहणारा माणूस ज्योतिषी नव्हे.

पडताळा:
ठाऊक होते, पण ते बरोबर येते का? खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये पुण्यात चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या 100 आणि बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांच्या 100 पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला 40 दिल्या होत्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, ते ओळखायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या 27 जणांची सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

गुरुपुष्य:
आले नारळीकर! त्या चाचणीत संततीचा प्रश्नच नव्हता. शिवाय जन्मवेळ पालकांनी आठवून सांगितली असेल तर लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, चुकते, आणि लग्न चुकले की सगळी पत्रिकाच चुकते.

पडताळा:
मग तीच पालकांनी सांगितलेली वेळ घेऊन तुम्ही दक्षिणा कशी घेता, ते एकदा सांगून टाका.

गुरुपुष्य:
मी दक्षिणा घेत नाही. दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याआधी चौकशी करावी.

उंबरठा:
तुमचे भांडण चालू द्या. मी माझे सांगते. माझे दोन आयव्हीएफ फसले. प्रत्येक वेळी समोर पॅकेजचा कागद आला, आणि फसल्याचे मात्र फोनवर एका वाक्यात कळवले गेले. त्या आठवड्यात आमचे गुरुजी दोन तास बसले, संतानगोपाल मंत्राचा जप दिला, मला रडू दिले. मूल झाले नाही. तरीही तो जप मी मूर्खपणा म्हणणार नाही आणि कोणी म्हटलेले ऐकूनही घेणार नाही.

कृष्णाकाठ:
ते दोन तास मलाही मिळाले होते, हे नाइलाजाने मान्य करते. माझ्या डॉक्टरबाईंनी एवढे ऐकून घेतले असते, तर मी कदाचित त्र्यंबकेश्वरी गेलेच नसते. मात्र तुमच्या गुरुजींनी जप दिला, थांबायला सांगितले नाही. माझी तक्रार थांबवण्याविषयी आहे.

गुरुपुष्य:
ठीक आहे, विदुषींच्या समाधानासाठी यापुढे संततीचा प्रश्न घेऊन येणाऱ्याकडे पत्रिकेबरोबर वीर्यतपासणीचा अहवालही मागेन. निदान त्यावर वेळ तरी छापील असते.

कृष्णाकाठ:
अवश्य मागा. आणि तो आणला नाही तर पत्रिका न उघडता परत करा.