बिलुओचुन ग्रीन टी : दुसऱ्या पाण्याला कडू होतोय, मदत हवी आहे

चीनमधल्या सुझोउजवळच्या ताई तलावाकाठचा, डोंगटिंगचा बिलुओचुन आणलाय, यंदाचाच आहे, छिंगमिंगच्या (एप्रिलच्या सुरुवातीचा चिनी सण) आधी खुडलेला. पानं एकदम बारीक, गोगलगाईसारखी वळलेली, वर पांढरी लव. तिकडे हा फळझाडांमध्येच वाढवतात, डबा उघडला की तसाच गोडसर वास येतो, इतका सुंदर चहा वाया घालवायचा नाहीये.

आधी काचेच्या ग्लासात १५० मिली पाणी ओततो, मग वरून ३ ग्रॅम पानं सोडतो, ती हळूहळू उलगडत तळाला जातात. पाणी ८० डिग्री, बाटलीतलं. पहिला ग्लास मस्त लागतो, थोडा गढूळ दिसतो पण तो लवेमुळे, ते माहितीये. प्रॉब्लेम पुढे आहे, एक तृतीयांश उरल्यावर परत पाणी भरलं की कडू आणि जिभेला तुरट. ७० डिग्रीने केलं तर कडूपणा जातो पण वासही जातो. पानं कमी करून पाहिली, पहिलाच ग्लास फिका पडला.

गायवान (चहाचा झाकणवाला चिनी कप) नाहीये, घ्यायचाही नाहीये, गाळणी वापरायची नाही कारण ग्लासातच प्यायचाय. केटलवर ७०, ८०, ९० एवढेच ऑप्शन आहेत.

तर जे असाच ग्लासात पितात त्यांनी सांगा, दुसरं पाणी नेमकं कधी भरता, अर्धा ग्लास उरला असतानाच का, आणि किती डिग्रीचं?