ड्युरँड म्हणे भारताची एफए कप! कुठल्या हिशेबाने?

मधली फळी
शेजारच्या धाग्यावर 'जुना ट्रॉफीवाला' यांनी लिहिलंय, "सुपर कप बंद करा. १८८८ पासून ड्युरँड आहे, तीच आपली एफए कप." (एफए कप म्हणजे इंग्लंडची छोट्या-मोठ्या सगळ्या क्लबांची बाद फेरीची फुटबॉल कप; सुपर कप ही आपल्या फुटबॉल महासंघाची.) खाली +१ ची रांग लागली आहे. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

कप राष्ट्रीय आहे की नाही हे जन्मसालावरून ठरत नसतं. आत यायचा रस्ता काय आणि जिंकल्यावर हातात काय पडतं, हे बघायचं. ड्युरँड सैन्यदलं भरवतात आणि तिथे जायला आमंत्रण लागतं. २०२५ ला २४ संघ होते, त्यात आयएसएल या देशातल्या अव्वल लीगचे फक्त ६. नेपाळचा त्रिभुवन आर्मी आणि मलेशियाच्या सैन्यदलांचा संघसुद्धा होता. परदेशी लष्कर खेळतं आणि मुंबई सिटी खेळत नाही, अशी ही 'राष्ट्रीय' कप. जिंकल्यावर आशियाई स्पर्धेचं तिकीट? नाही.

आपली खरी राष्ट्रीय कप होती फेडरेशन कप. महासंघाने ती १९७७ मध्ये एर्नाकुलमला सुरू केली. पहिल्याच अंतिम सामन्यात बंगलोरच्या आयटीआयने मोहन बागानला १-० ने हरवलं. नॅशनल लीग आली १९९६ ला. म्हणजे जवळपास वीस वर्षं देशातला अव्वल क्लब कोण, हे ठरवणारी महासंघाची स्पर्धा हीच होती. एकूण ३८ वेळा झाली, शेवटची २१ मे २०१७ ला कटकमध्ये. बंगळुरू एफसीने बागानला जादा वेळेत २-० ने हरवलं, दोन्ही गोल विनीतचे. पुढच्या वर्षी नाव बदलून सुपर कप झाली आणि हालहाल सुरू झाले. २०१९ ला आय-लीग या दुसऱ्या मोठ्या लीगच्या बहुतेक क्लबांनी बहिष्कार टाकला. मग थेट २०२३. जानेवारी २०२४ ला तर भुवनेश्वरला सुपर कप आणि कतारमध्ये आशियाई चषक एकाच वेळी! राष्ट्रीय संघातले खेळाडू तिकडे आणि त्यांचे क्लब इकडे. स्वतःच्या कपची तारीख स्वतःच्याच संघावर टाकणारा महासंघ आणखी कुठे असेल तर कळवा.

तेव्हा दुखणं सुपर कपच्या तारखांचं आहे. त्यावर औषध म्हणून ड्युरँड देऊ नका.

जुना ट्रॉफीवाला
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.

"आमंत्रण, आमंत्रण" करताय, पण सुपर कपमध्ये कोण येतं? २०१८ ला दोन्ही लीगचे मिळून २० संघ. प्रत्येक लीगचे पहिले सहा थेट, खालच्या चार-चार जणांना पात्रता सामना. बाकी देशाने टीव्हीवर बघायचं. ड्युरँडमध्ये २०२५ ला लडाखचा संघ खेळला. डायमंड हार्बर हा २०२२ ला जन्मलेला क्लब पहिल्याच फटक्यात, ईस्ट बंगालला उपांत्य सामन्यात २-१ ने काढून, अंतिम फेरीत गेला. तिथे नॉर्थईस्टने ६-१ ने धुतला ते सोडा. एफए कप म्हणजे हेच ना, छोट्याने मोठ्याला पाडायचं? आणि सामने कुठे झाले बघा: कोलकाता, जमशेदपूर, शिलाँग, इम्फाळ, कोक्राझार. तुमच्या राष्ट्रीय कपने कोक्राझार नकाशात तरी पाहिलंय का?

आणि इतिहासच काढायचा तर १९४०. दिल्लीच्या आयर्विन अँफिथिएटरमध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर या ब्रिटिश पलटणीला २-१ ने हरवलं. पंच कॅप्टन हरनाम सिंग. ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ, अंतिम सामन्याला पहिला भारतीय पंच. असा एक सामना फेडरेशन कपच्या ३८ वर्षांत दाखवा.

मांडवीपलीकडे
३८ वर्षं नव्हे हो, ३८ वेळा. १९९९, २००० आणि २००२ ला झालीच नाही. हिशेब नीट करा.

आणि सामना हवाय ना? १३ जुलै १९९७, सॉल्ट लेक, फेडरेशन कपची उपांत्य फेरी. ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांच्या त्या 'डायमंड' व्यूहरचनेची ईस्ट बंगालच्या भुतियाने हॅटट्रिक करून वाट लावली. मैदानात १ लाख ३१ हजार माणसं. भारतात फुटबॉलला एवढी गर्दी ना त्याआधी झाली, ना नंतर.

फक्त या गोष्टीचा शेवट कोलकात्यात कोणी सांगत नाही. अंतिम सामन्यात त्याच ईस्ट बंगालला गोव्याच्या साळगावकरने २-१ ने हरवलं. कप वास्कोला आला.

कूपरेज कॉर्नर
ड्युरँड, फेडरेशन, सुपर. रोव्हर्सचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. अपेक्षितच होतं. मुंबईत १८९१ ला सुरू झालेली कप, ड्युरँडनंतर तीनच वर्षांनी. १९३७ ला बंगलोर मुस्लिम्सने जिंकली, म्हणजे वर ज्या १९४० चे ढोल वाजतायत त्याच्याही आधी तीन वर्षं. हैदराबाद सिटी पोलीस १९५० ते ५४ सलग पाच वेळा. २००१ नंतर बंद. ड्युरँडला सैन्यदलं होती, फेडरेशनला महासंघ. रोव्हर्सला वाली नव्हता. विषय संपला.

तिसरा पंच
विषय तुम्ही संपवला नाही, बदललात.

ड्युरँड की सुपर कप, या भांडणात खरा घोळ राहून जातोय: गट. १६ संघांची सरळ बाद फेरी घेतली तर १५ सामने. चार-चारचे चार गट केले तर गटांचे २४, वर उपांत्य दोन, अंतिम एक, म्हणजे २७. सुपर कपने २०२३ आणि २०२४ ला हेच केलं. एप्रिल २०२५ ला सरळ बाद फेरी घेतली आणि सहा महिन्यांत, ऑक्टोबरला गोव्यात, पुन्हा गट. वर प्रत्येक गटातून फक्त पहिलाच पुढे. याचा अर्थ असा: पहिला सामना हरलात की उरलेले दोन्ही जिंकूनही दुसऱ्याच्या निकालाकडे डोळे लावायचे. दोन हरलात की तिसरा सामना नुसता वजन कमी करायला. त्यात प्रशिक्षक राखीव पोरं उतरवतो, आणि समोरच्याला नेमका गोलफरक हवा असेल तर गटातल्या तिसऱ्या संघावर अन्याय.

बाद फेरी काय करते ते एप्रिल २०२५ ला दिसलं. गतविजेता ईस्ट बंगाल पहिल्याच सामन्यात केरला ब्लास्टर्सकडून ०-२ हरून घरी. कप अशी असते.

जुना ट्रॉफीवाला
त्याच एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सने माघार घेतली आणि बागानला वॉकओव्हर मिळाला, ते का गाळलंत? बाद फेरीत एक संघ आला नाही की आख्खा सामना गेला. त्या दिवसाची तिकिटं, प्रक्षेपण, सगळं पाण्यात. गटात एक गळला तरी बाकीचे तिघे आपसात खेळतात.

आणि खर्च. एका शहरात स्पर्धा म्हणजे २३ खेळाडू, सात-आठ बाकीचे, अशी तीस माणसं विमानाने न्यायची, चार रात्री ठेवायची, एक सामना खेळायचा, हरायचं आणि परत. आय-लीगच्या क्लबला विचारा परवडतं का. गटात निदान तीन सामने पदरात पडतात.

तिसरा पंच
म्हणजे खर्च वाचवायला सामने वाढवायचे! तीस माणसांच्या चार रात्रींऐवजी बारा रात्री. वा, हिशेबनीस.

खर्च एका शहरामुळे होतोय. तटस्थ मैदान काढा. सोडतीत ज्याचं नाव आधी निघेल तो यजमान, एवढं केलं की निम्मे संघ प्रवासच करत नाहीत. शिवाय एकाच हिरवळीवर दिवसाला दोन सामने, असे दहा दिवस काढले की दुसऱ्या आठवड्यात गोलपोस्टसमोरची माती वर येते. मग चेंडू उसळतो, गोलरक्षकाच्या हातून सुटतो आणि समालोचक 'चूक' म्हणतो.

मधली फळी
हे पटलं. २०१५-१६ ला फेडरेशन कपमध्ये ते केलंही होतं. आठ संघ, उपांत्य फेरीपर्यंत घरचा-बाहेरचा असे दोन सामने, फक्त अंतिम सामना गुवाहाटीला. बागानने आयझॉलला ५-० ने हरवलं. पुढच्याच वर्षी पुन्हा कटकला गट. चांगली सवय लागली की मोडायची, हे महासंघाचं जुनंच.

मांडवीपलीकडे
फेडरेशन कपचं एवढं कौतुक चाललंय तर १९७८ आणि १९८० पण बघा. दोन्ही वेळा बागान आणि ईस्ट बंगाल 'संयुक्त विजेते'. बाद फेरीच्या अंतिम सामन्यात संयुक्त विजेते! पेनल्टी घ्यायला काय धाड भरली होती? ३८ पैकी २२ कप कोलकात्याच्या तीन क्लबांकडे. गोव्याकडे ६: साळगावकर ४, धेंपो १, चर्चिल १. त्यांना दोनदा अर्धी-अर्धी वाटून मिळाली आणि आम्हाला प्रत्येक वेळी जिंकावीच लागली.

कूपरेज कॉर्नर
महाराष्ट्राकडे २. महिंद्र युनायटेड, २००३ आणि २००५. २०१० ला तो संघच बंद. तुम्हाला निदान सहा आहेत, रडताय कशाला?

जुना ट्रॉफीवाला
कोलकात्याने २२ जिंकल्या म्हणून स्पर्धा जगली, मांडवीकर. सॉल्ट लेकला १ लाख ३१ हजार आले ते साळगावकरला बघायला नव्हते आले.

मांडवीपलीकडे
बरोबर. ते हरायला आले होते, फक्त दोन सामने उशिरा कळलं.

तिसरा पंच
'दोन' कसे? उपांत्य आणि अंतिम मिळून एकच सामना उशीर. आधी हिशेब नीट करा म्हणणारे तुम्हीच ना.

मांडवीपलीकडे
मान्य. एकच. हरले ते हरलेच.

पण एक ऐका. सुपर कप बंद करा म्हणणाऱ्यांनी २०२५ बघावं. एफसी गोवाने अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० ने हरवलं, त्यावर एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लब स्पर्धेच्या पात्रता फेरीत जागा मिळाली. ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला, ओमानच्या अल सीबला २-१ ने काढलं आणि २२ ऑक्टोबरला तिथेच सौदीचा, रोनाल्डोवाला अल नस्र आला. रोनाल्डो आला नाही, आम्ही १-२ हरलो, पण तो सामना ड्युरँड जिंकून मिळाला असता का? तीन-तीन ट्रॉफ्या मिळतात म्हणे तिथे. ड्युरँड कप, शिमला ट्रॉफी, प्रेसिडेंट्स कप. कपाट भरतं, व्हिसा लागत नाही.

जुना ट्रॉफीवाला
बरं बाबा. आशियाई तिकिटाचा मुद्दा तुमचा. ड्युरँडला ते नाही आणि आमंत्रणावर भरणाऱ्या स्पर्धेला महासंघ ते देणारही नाही. झालं समाधान? पण सुपर कपमध्ये खालच्या क्लबांना वाट नाही, यावर मधली फळी अजून गप्पच आहेत.

मधली फळी
गप्प नाही, लिहीत होतो. तुमचा तो मुद्दा मला द्यावाच लागतोय, दात-ओठ खात का होईना. आय-लीगच्या खालच्याला सुपर कपमध्ये वाटच नाही. फक्त त्यावर उपाय जपानकडे बघून करा, शिमल्यात जन्मलेल्या ड्युरँडकडे नको. सम्राट चषकात ४७ प्रांतांतून प्रत्येकी एक विजेता येतो आणि व्यावसायिक क्लबांशी भिडतो. जर्मनीत पहिल्या फेरीत खालच्या विभागाच्या संघाला घरचं मैदान मिळतं. दोन्ही जोडा:

राज्य संघटनांनी आपली क्लब कप घ्यायची, सरळ बाद फेरी. त्यातून विभागवार १६ विजेते. वरचे १६ लीगमधून. ३२ संघ, ३१ सामने, पाच फेऱ्या. पहिल्या फेरीत राज्य विजेता यजमान, मैदानाचं उत्पन्न त्याचं, पाहुण्याने प्रवास स्वतः करायचा. ९० मिनिटांत बरोबरी झाली की थेट पेनल्टी. जादा वेळ ठेवला की छोट्या संघाचे पाय आधी जातात आणि दिवे नसलेल्या मैदानावर अंधार पडतो.

तिसरा पंच
कागदावर छान. हे कुठे फसेल सांगतो. नोंदणी. राज्य फेरी जिंकणारा संघ वेगळा आणि राष्ट्रीय फेरीत उतरणारा वेगळा, असं होईल. मधल्या काळात एखादा पैसेवाला मालक सहा खेळाडू उसने आणणार. नोंदणीची मुदत राज्य फेरीच्या पहिल्या सामन्याआधी बंद करा आणि एका मोसमात एका खेळाडूला कपमध्ये एकाच क्लबकडून खेळू द्या. ही दोन कलमं नसतील तर तुमच्या ३२ मधले आठ संघ भाड्याचे असतील.

दुसरं, राज्य फेरी संपायची तारीख. एका राज्याने वाद घातला, कोणी कोर्टात गेलं, की ३२ ची सोडत अडली. ठरल्या दिवशी नाव आलं नाही तर प्रतिस्पर्ध्याला बाय (न खेळता पुढची फेरी), हे आधीच लिहून ठेवा.

जुना ट्रॉफीवाला
आणि हे सगळं जुलै-ऑगस्टला घ्या म्हणाल, म्हणजे ड्युरँडच्या तारखा गेल्या. समजतंय मला.

मधली फळी
जुलै कोणी म्हटलं? राज्य फेरी पावसाळा संपल्यावर, ३२ ची फेरी जानेवारीत, पुढे महिन्याला एक, मधल्या वारी. ड्युरँड आपल्या जागी राहू दे, मोसमापूर्वीची स्पर्धा म्हणून उत्तम आहे. फक्त '१८८८ पासून अखंड' म्हणू नका. १९४१ ते ४९ झाली नाही. २०१५, २०१७, २०१८ ला पण नाही.

जुना ट्रॉफीवाला
'अखंड' मी कुठे म्हटलं? वर जाऊन वाचा.

मधली फळी
वाचलं. '१८८८ पासून' एवढंच आहे. 'अखंड' माझं. मागे घेतो.

कूपरेज कॉर्नर
राज्य फेरी पावसाळ्यानंतरच कशाला? कूपरेजला कृत्रिम हिरवळ आहे, जुलैत पण खेळता येईल. विजेत्याला रोव्हर्स कप द्या, पेटीत पडूनच असेल.

तिसरा पंच
ही तुमची पहिली कामाची सूचना. पण महाराष्ट्राची फेरी फक्त कूपरेजला म्हटलं की कोल्हापूरकर वेगळा धागा काढतील.